या घरात कधी पाणी शिरलं होतं का?

मे महिन्यातली संध्याकाळ आहे. घरातले सगळे दिवे मालवून तुम्ही पुढच्या ओट्यावर बसला आहात. समोरच्या घरात अंधार, कोपऱ्यावरच्या दुकानात अंधार. वीज गेलेली नाही, वाळवीला पंख फुटले आहेत. रस्त्यावरच्या एकाच दिव्याभोवती तिचा ढग फिरतो आहे, सोनेरी भुसा उधळावा तसा. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आशियातून परतलेल्या लष्करी सामानाच्या खोक्यांतून ही फोर्मोसन वाळवी न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरली आणि इथल्या लाकडी घरांत मुक्कामाला राहिली. दर मे महिन्यात ती नवं घर शोधायला उडते आणि उजेडावर झेपावते. म्हणून ऐन दिवेलागणीला ट्रेमे या वस्तीच्या गल्ल्या दिवे घालवतात आणि माणसं ओट्यावर येऊन बसतात.

"बाळा, ठरलं का मग?" पलीकडच्या ओट्यावरून आवाज येतो. अख्खी गल्ली जिच्या नावाआधी 'मिस' लावते ती शेजारची म्हातारी. या शहरात ओळखीच्या-अनोळखी, लहान-थोर सगळ्यांना 'बेबी' म्हणतात आणि त्यात आपल्या 'बाळा'इतकीच माया असते.

"ठरलं. फॉर्म भरायला घेतलाय."

फॉर्म तुमच्या मांडीवर आहे. लुइझियानात राहतं घर विकणाऱ्याला घराचे माहीत असलेले दोष लिहून द्यावे लागतात. छप्पर गळतं का? पाया खचलाय का? वाळवी लागली होती का? आणि मग तो प्रश्न, ज्यासाठी घेणारा हे पान सगळ्यात आधी उघडतो: या घरात कधी पुराचं पाणी शिरलं होतं का? शिरलं असेल तर कसं, कितीदा? अंधारात अक्षरं दिसत नाहीत, पण प्रश्न पाठ झाले आहेत. उत्तराला चार ओळी पुरतील. तरी तुमचं पेन अडलंय. या जागेवरचं घर याआधी ज्यांनी ज्यांनी विकलं, त्यांनी घेणाऱ्याला काय सांगितलं आणि काय गिळलं, ते पाहिल्याशिवाय तुम्हाला ते पुढे सरकवता येत नाही. मलाही तुम्हाला तिकडेच न्यायचं आहे. पण त्याआधी आजचं शहर अंगावर घ्या, कारण निघताना तेच सगळ्यात जड जाणार आहे.

रविवारी दुपारी ढोल आधी पोटात वाजतो, मग कानावर येतो. एखाद्या 'सोशल एड अँड प्लेझर क्लब'ची मिरवणूक. पुढे एका रंगाच्या कपड्यांत, पिसांचे पंखे हलवत क्लबची माणसं आणि पितळी वाद्यांचा ताफा. ही पहिली रांग. मागून जो कोणी नाचत निघेल तो 'सेकंड लाइन'. तुम्ही झाडू भिंतीला टेकवता आणि चपलांसकट त्या रांगेत सामील होता. आमंत्रण लागत नाही. हे क्लब मुळात एकमेकांच्या अडीनडीसाठी निघाले. काळ्या माणसाला विमा कोणी देत नव्हतं तेव्हा महिन्याची वर्गणी काढून आजाऱ्याला डॉक्टर आणि मेलेल्याला सन्मानाची अंत्ययात्रा मिळवून देणारी ही मंडळं. म्हणून इथे मिरवणूक आणि अंत्ययात्रा यांचा ठेका एकच आहे. दफनभूमीकडे जाताना संथ, परतताना नाचरा.

सोमवारी सगळ्या गल्लीला एकच वास असतो. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतून त्यात रात्रभर भिजवलेला राजमा, दिवसभर मंद आचेवर. सोमवार धुण्याचा वार. कपडे उकळत असताना चुलीकडे बघायला वेळ नाही, म्हणून आपोआप शिजणारं अन्न. धुण्याचं यंत्र येऊन पिढ्या लोटल्या, सोमवारचा राजमा-भात हलला नाही. उन्हाळ्यात बर्फाच्या गोळ्याच्या टपरीपुढे रांग लागते. इथे त्याला 'स्नोबॉल' म्हणतात आणि बर्फ कापसासारखा किसलेला असतो. इथली जुनी माणसं किराणा 'विकत आणत' नाहीत, किराणा 'करतात'. फ्रेंच बोलणाऱ्या आज्यांचा वाक्प्रचार इंग्रजीत तसाच राहिला आहे, आणि 'बाजार करून येते' म्हणणाऱ्या मराठी कानाला तो पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो. दिशाही तशाच घरगुती. पूर्व-पश्चिम कोणी सांगत नाही. नदीकडे, तलावाकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. मिसिसिपी इथे चंद्रकोरीसारखी वळते, त्यामुळे होकायंत्राचा काही उपयोगच नाही.

मग विकायचं कशाला? बहुतेकांचं उत्तर आता एकच असतं: विमा. २०२१च्या २९ ऑगस्टला, कतरिनाला बरोबर सोळा वर्षं झाली त्याच दिवशी, आयडा हे चक्रीवादळ आलं. त्यानंतर राज्यातल्या कित्येक विमा कंपन्या बुडाल्या, कित्येकांनी पाय काढता घेतला. उरलेल्यांचे हप्ते घराच्या कर्जाच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागले. गल्लीतली तीन-चार घरं पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने जाऊ लागली. तिथे ओट्यावर कोणी बसत नाही. १९६० साली या शहरात ६,२७,५२५ माणसं होती, २०२० साली ३,८३,९९७. तुम्ही त्या उतारावरचं आणखी एक घर आहात, आणि हे तुम्हाला टोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पॉयड्रस स्ट्रीटवरच्या नोटरींच्या दप्तरखान्यात जाता. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाच्या आवारात टेबल टाकून शिक्के मारणारे वकील आठवतात. लुइझियानाचा कायदा फ्रेंच आणि स्पॅनिश मुळांचा. तिथला नोटरी खरेदीखत स्वतः घडवत आला, दोन साक्षीदारांपुढे सह्या घेत आला आणि मूळ कागद बांधून जपत आला. अठराव्या शतकापासूनची अशी बाडं इथे आहेत. तुम्ही तुमच्या जागेचे व्यवहार मागून पुढे नाही, पुढून मागे वाचायला घेता, जुने फेरफार उलटे वाचत जावं तसे.

पहिलं पान उलटा.

तुमच्या हातात किल्ली आहे, पण ती फिरत नाही. कुलूप गंजलंय, दार फुगलंय. ऑक्टोबर २००५. खांद्याने ढकलण्याआधी तुम्ही दारावर फवारलेली फुली वाचता. वरच्या कोनात तपासणीची तारीख, डावीकडे शोधपथकाचं नाव, उजवीकडे आतले धोके, खालच्या कोनात सापडलेल्या मृतांचा आकडा. तुमच्या दारावर खाली शून्य आहे. तीन घरं सोडून शून्य नाही.

आत वास येतो तो कुजलेल्या नदीचा. तुमचं घर शॉटगन, म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारखं: खोलीमागे खोली, मधे बोळ नाही, पुढच्या दारातून मागचं दार दिसतं. विटांच्या खांबांवर उभं असल्याने रस्त्यावर मांडीभर पाणी असताना आत चारच इंच होतं. पण ते तिथेच बसून राहिलं, आणि बुरशी त्या चार इंचांवरून छतापर्यंत चढली. फ्रिज उघडू नका. सगळ्या शहराने आपापला फ्रिज चिकटपट्टीने बांधून तसाच रस्त्याकडेला ठेवलाय.

वादळ आलं, एवढं लिहून भागत नाही. २९ ऑगस्टला कतरिना वादळ शहराच्या पूर्वेकडून निघून गेलं. बुडवलं ते कालव्यांच्या भिंतींनी. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत पाणी तिच्या माथ्याला पोचण्याआधीच पायातून सरकली. लंडन अव्हेन्यूचा कालवाही तसाच फुटला. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. त्याचं मूळ आणखी मागे आहे. १९१३ साली बॉल्डविन वुड या तरुण अभियंत्याने प्रचंड पेचपंप बनवला आणि मागची दलदल उपसून कोरडी केली. कोरड्या जमिनीवर वस्ती सरकली. पण ही माती स्पंजासारखी; पाणी काढलं की बसते. ज्या पंपांनी शहर राहण्याजोगं केलं त्यांच्यामुळेच ते वाटीसारखं खोल गेलं. आज जवळपास अर्धं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे.

शेजारच्या घरापुढे एक माणूस पायरीवर डोकं धरून बसलाय. घर त्याचंच, पण कागदावर अजून आजोबांचं नाव. आजोबा गेले, वडील गेले, कोणी वारसनोंद केली नाही. भांडण नव्हतं म्हणून वाटणीही नव्हती. पुनर्बांधणीची मदत मालकी दाखवल्याशिवाय मिळत नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव असलेल्या घरातून आलेला कोणीही त्याच्या शेजारी जाऊन बसेल. आणि मदत मिळाली तरी ती मोजली गेली, घर उभारायचा खर्च आणि घराची पुरापूर्वीची किंमत यांतल्या लहान आकड्यावर. एकसारख्याच घराला गोऱ्या वस्तीत जास्त भाव, काळ्या वस्तीत कमी. मग मदतही तशीच. खिळे आणि फळ्या मात्र दोघांना एकाच भावाने.

पुढचं पान. १९६६.

तुम्ही क्लेबोर्न अव्हेन्यूवर उभे आहात आणि करवतींचा आवाज थांबत नाही. या रस्त्याच्या मधोमध रुंद हिरवा पट्टा आहे, ओक वृक्षांच्या चार रांगांचा. रस्त्यामधल्या अशा पट्ट्याला न्यू ऑर्लिन्स 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतं. दुतर्फा शिंपी, औषधवाले, विमा कचेऱ्या, हॉटेलं, सगळी काळ्या माणसांची, कारण कॅनॉल स्ट्रीटच्या झगमगीत दुकानांत त्यांना बरोबरीने वागवत नसत. मार्दी ग्रा या कार्निव्हलच्या दिवशी तुमच्या घरचे पहाटे चादरी टाकून या ओकांखाली जागा धरायचे. वर्षभर मणी ओवून घडवलेला पोशाख घालून, अमेरिकी आदिवासींचा वेश घेणारे वस्तीतले 'इंडियन' याच झाडांखालून चालत यायचे. शहराचा उत्सव होता सेंट चार्ल्स अव्हेन्यूवर. इथला यांचा स्वतःचा.

आता तिथून द्रुतगती मार्ग जाणार आहे, खांबांवरून. या वस्तीला कोणी विचारलं नाही. फ्रेंच क्वार्टरच्या नदीकाठावरूनही असाच मार्ग नेण्याची योजना होती. तिथल्या रहिवाशांच्या आणि वारसाप्रेमींच्या वर्षानुवर्षांच्या लढ्याने ती १९६९ साली रद्द झाली. क्लेबोर्नच्या ओकांसाठी असं काही घडलं नाही. या पानावर तुमचं घर विकलं गेलंय, पडेल भावाला. खतात लिहिलंय: जमीन, इमारत, सर्व हक्क. सावली कुठल्याच कलमात नव्हती, त्यामुळे ती गेल्याची नोंदही नाही.

१८९२च्या पानावर फार थांबणार नाही, पण मान वळवून पाहा. क्लेबोर्नवरच राहणारा होमर प्लेसी, वय तीस, धंदा चांभाराचा, ७ जूनला प्रेस स्ट्रीटच्या स्थानकावर कव्हिंग्टनच्या गाडीत गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. अटक ठरवून करून घेतलेली होती. वस्तीतल्या नागरिक समितीने वर्गण्या काढून वेगळ्या डब्यांचा कायदा आजमावायला घेतला होता. १८९६ साली ते सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि 'वेगळे पण समान' हे वाक्य पुढची अठ्ठावन्न वर्षं देशाच्या मानेवर बसलं. प्लेसीला राज्याने माफी दिली ती २०२२ साली. तुमचं शॉटगन घर उभं राहिलं ते याच सुमाराला. भिंतीमागे हात घातलात तर जाड फळ्यांत खुंट्यांची भोकं लागतील. नदीवरून माल घेऊन आलेल्या सपाट नावा उलट प्रवाहाला परत जाऊ शकत नसत, म्हणून इथेच मोडून विकल्या जायच्या. त्यांच्या फळ्या घरांत गेल्या.

आणि आता ते पान, ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं.

कागद मोठा आहे, दोन्ही हात पसरून धरावा लागतो. हे खरेदीखत नाही, जलरंगातलं चित्र आहे. १८४५च्या आसपासचं. तुमच्याच जागेवर तेव्हा चार खोल्यांचं बुटकं क्रिओल घर होतं. त्याचा दर्शनी भाग हिरव्या झडपांसकट रंगवलाय. खाली खोल्यांचा आराखडा, बाजूला रस्त्यांमधलं भूखंडाचं स्थान. मागे बाग, विहीर, पावसाच्या पाण्याचं लाकडी पिंप, आणि अंगणाच्या टोकाला वेगळं स्वयंपाकघर, त्यावर दोन लहान खोल्या. त्या काळी लिलावाआधी अशी चित्रं बाजारात टांगत. घराची जाहिरातच ती. अशी पाच हजारांच्या वर चित्रं या दप्तरखान्यात आहेत, आणि इतकी सुंदर सरकारी दप्तरं मला दुसरीकडे माहीत नाहीत. रंग आजही ओले वाटतात. तेवढ्यात ते चित्र तुमच्यापुढे भिंतीवर टांगलेलं दिसतं आणि तुम्ही सेंट लुइस हॉटेलच्या घुमटाखाली उभे असता.

दुपारचे बारा. घुमटातून उन्हाचा खांब थेट फरशीवर उतरलाय. चहूबाजूंनी मंच आहेत आणि प्रत्येकावर एक लिलाववाला, एक वाक्य फ्रेंचमध्ये, तेच लगेच इंग्रजीत. एकीकडे तैलचित्रं विकली जातायत, एकीकडे जमिनी, आणि त्याच क्षणी, त्याच छताखाली, माणसं. जेम्स सिल्क बकिंगहॅम नावाच्या इंग्रज प्रवाशाने असाच गोंगाट इथे पाहून लिहून ठेवला. भारताच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात हा माणूस आपल्याला भेटलेला आहे: 'कलकत्ता जर्नल'चा संपादक, ज्याला १८२३ साली कंपनी सरकारने देशाबाहेर घालवलं. तिथे छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी भांडलेल्या डोळ्यांनी इथे हे पाहिलं.

तुमच्या घराचा पुकारा होतो. जागा, रुंदी, खोली, विहीर, फळझाडं. भाव चढतो, हातोडा पडतो. नवा मालक तुम्ही. तुमची छाती भरून येते. मीही तुम्हाला तो एक क्षण देतो. मग त्याच मिळकतीतला पुढचा आकडा पुकारला जातो. 'स्वयंपाकीण, वय चौतीस.' ती मंचावर चढते. चित्रातल्या त्या वरच्या दोन खोल्यांमधली एक तिची होती. चित्रकाराने झडपेची पट्टीन् पट्टी रंगवली होती. ती मात्र चित्रात नव्हती.

लिलाववाला हमी देतो: कायद्याने ठरवलेल्या व्यंगांपासून आणि दोषांपासून मुक्त. नीट ऐका, कारण हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. विकलेल्या वस्तूत दडलेला दोष निघाला तर व्यवहार मोडता येतो, अशी लुइझियानाच्या दिवाणी कायद्यात जुनी तरतूद आहे. आज ती खचलेल्या पायासाठी आणि वाळवीसाठी वापरतात. १८२५च्या संहितेत त्याच प्रकरणात माणसांचे दोष दिले होते: महारोग, वेड, फेफरं. आणि स्वभावाचे दोष: चोरीची सवय, पळून जाण्याची सवय. पळून जाणं हा विकलेल्या मालातला दोष. घर जसं स्थावर, तशी गुलाम माणसंही कायद्याने स्थावर मानलेली, म्हणून त्यांचं खत घरासारखंच नोटरीपुढे, दोन साक्षीदारांसमोर, त्याच बाडात. सॉलोमन नॉर्थप या न्यू यॉर्कच्या स्वतंत्र माणसाला पळवून आणून जून १८४१मध्ये याच शहरात 'प्लॅट' या खोट्या नावाने विकलं, त्याचं खतही या दप्तरात आहे. नोटरीने सगळं नियमाने केलं होतं.

कायद्याने तुम्हाला मांडीवरच्या फॉर्मवर विचारलेला प्रश्न इथून चालत आलाय. दोष सांगा. पण तेव्हा घेणाऱ्याला जे सांगायचं ते तिच्याबद्दल. तिला कोणी काही सांगितलं नाही. घर कोणाचं, मालक कसा, आपली मुलं कुठल्या मंचावर आहेत.

तुम्ही बाहेर पडता. त्या इमारतीतलं आज फारसं काही उरलेलं नाही. १९१५च्या वादळानंतर ती पाडली आणि पुढे तिथे दुसरं हॉटेल झालं. पण चार्टर्स स्ट्रीटवरच्या भिंतीच्या एका तुकड्यावर 'एक्स्चेंज' या शब्दातली शेवटची अक्षरं अजून पुसट दिसतात. तिथून चालत ट्रेमेत या. गव्हर्नर निकोल्स स्ट्रीटच्या वळणावर सेंट ऑगस्टीनचं चर्च आहे, १८४२ सालचं. तेव्हा कुटुंबं पैसे भरून चर्चमधली बाकं घेत. गोऱ्यांनी घाईघाईने बाकं धरायला सुरुवात केली तशी वस्तीतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी त्यांच्या एका बाकामागे तीन घेतली, आणि बाजूच्या रांगा गुलामांना बसायला दिल्या. बसायला जागा, हक्काची, नावाची. या शहरातल्या जागेच्या सगळ्या खरेद्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते. तरी हेही सांगायला हवं की त्याच वस्तीतल्या काही स्वतंत्र कृष्णवर्णीय मालकांच्या नावावर गुलाम होते. तुम्हाला घर विकणारे वारसही त्यांतलेच असतील. हे गिळून पुढे जाता येणार नाही.

पानं आता भराभर उलटतात, कागद जाड होतो, भाषा इंग्रजीतून फ्रेंच, फ्रेंचमधून स्पॅनिश. १८१० साली क्लोद ट्रेमे आपला मळा शहराला विकतो, आणि त्याचे भूखंड पडतात. त्याआधी २० डिसेंबर १८०३. काबिल्दो या नगरसभेच्या इमारतीत फ्रान्सचा प्रतिनिधी लोसा शहराच्या किल्ल्या अमेरिकेच्या दोन माणसांकडे सोपवतो. त्यांतल्या एकाचं नाव क्लेबोर्न. दीड कोटी डॉलरला खंडाच्या मोठ्या तुकड्याची खरेदी. चौकातल्या ज्या माणसांचं शहर विकलं जातंय ती झेंडा उतरताना गप्प उभी आहेत.

आणखी मागे. १७८०च्या दशकातली रविवारची सकाळ, राज्य स्पेनचं. तुम्ही चर्चपुढच्या चिखलात उभे आहात आणि तुपात नव्हे पण तेलात तळलेल्या भाताचा वास येतो, अनारशाच्या जवळ जाणारा. डोक्यावर टोपली घेतलेली बाई काला विकते आहे. भात शिजवून, कुस्करून, रात्रभर आंबवून तळलेले गोळे. ती गुलाम आहे, पण रविवार तिचा. स्पॅनिश कायद्यात एक फट आहे, 'कोआर्तासिओन': गुलामाने स्वतःची किंमत ठरवून घ्यायची आणि हप्त्याहप्त्याने भरून सुटायचं, मालकाला ते नाकारता येत नाही. अमेरिकेचं राज्य आल्यावर ही फट बुजवण्यात आली. आज मात्र ती उघडी आहे, आणि टोपलीतला प्रत्येक गोळा तिचा एकेक अंश सोडवतो आहे. दुपारी ती गावकुसामागच्या मैदानात जाईल, जिथे ढोल वाजतात आणि बाजार भरतो. पुढे त्याला काँगो स्क्वेअर म्हणतील. तो ठेका तुम्ही ओळखाल. मागच्याच रविवारी त्यावर तुम्ही चपलांसकट नाचलात.

तुम्ही पैसे देता. ती पानात तीन काला ठेवते, जरा थांबते आणि वर एक ठेवते. भाजीवाल्या मावशीने न मागता टाकलेल्या कोथिंबिरीच्या काड्यांसारखा. इथे याला 'लॅन्याप' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून या शहराच्या फ्रेंचमध्ये आलेला शब्द. जिच्यापाशी प्रत्येक नाणं मोजलेलं आहे तिनेच तो दिला.

त्याच्या मागे पानं थोडी आहेत. अगदी पहिल्या खतात विकणाराच नाही. चॉक्टॉ लोक या वळणाला बुलबांचा म्हणत, अनेक बोलींची जागा. १७१८ साली फ्रेंचांनी इथे शहर मांडलं तेव्हा कोणाची सही घेतली नव्हती.

तुम्ही बाड मिटता. त्या रात्री फॉर्म भरता. पाण्याच्या प्रश्नापुढे लिहिता: २००५, चार इंच, एकदा. वाळवीपुढे: हो, उपचार केलेले आहेत. पान संपतं. मग तुम्ही दप्तरखान्यातून आणलेल्या नकला एका पाकिटात घालता: चित्र, त्याच्याबरोबरची दोन्ही खतं, घराचं आणि तिचं, आणि क्लेबोर्नच्या ओकांचा एक जुना फोटो. एजंट म्हणतो, हे द्यायची गरज नाही, कायदा एवढं मागत नाही. तुम्ही म्हणता, माहीत आहे.

'ॲक्ट ऑफ सेल'च्या दिवशी नोटरी एकेक कलम वाचते, दोन साक्षीदार सह्या करतात. घेणारं जोडपं तरुण आहे, बाईला दिवस गेलेत, दोघं दुसऱ्या राज्यातून आलेत. दुपारी तुम्ही त्यांना घेऊन घरी येता आणि ओट्यावर उभं राहून किल्ली त्यांच्या हातात ठेवता, वर ते पाकीट.

"यात काय आहे?"

"लॅन्याप. सवडीने वाचा. सगळंच गोड नाही."

त्यांचा पुढचा प्रश्न तोंडातच राहतो. तलावाकडून काळं झालंय आणि पहिले थेंब पत्र्यावर रुपयाएवढे पडतात. गल्लीत हालचाल सुरू होते, दारं वाजतात, गाड्या चालू होतात. पलीकडच्या ओट्यावरून म्हातारी ओरडते, "बाळा, गाडी! त्यांची गाडी!"

"न्यूट्रल ग्राउंडवर चढवायची," तुम्ही त्यांना सांगता. "क्लेबोर्नवर, पुलाखाली. चला, मी दाखवतो."

"मधल्या पट्ट्यावर? दंड नाही होणार?"

"मोठ्या पावसात पालिका मुभा देते. तिथली जमीन हातभर उंच आहे. लवकर, जागा भरतात."

तुम्ही तिघं गाडीत बसता. पुलाखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या आधीच उभ्या आहेत, खांबांच्या मधोमध. त्या खांबांवर कोणीकोणी ओकची झाडं रंगवली आहेत, बुंधा, मुळं आणि वर काँक्रीटपर्यंत गेलेल्या फांद्या. बाई काच खाली करून विचारते, इथे झाडं का काढली आहेत. पाऊस आता पुलाच्या दोन्ही कडांवरून पडद्यासारखा कोसळतोय. तुम्ही म्हणता, "आधी गाडी त्या खांबाजवळ घ्या. सांगतो."